फाल्गुनराव संशयवादी नव्हता

संशयवाद्यांविरुद्धची फिर्याद आपल्याकडे ठरलेली आहे. व्याख्यानमालांत, दिवाळी अंकांत, घरच्या गप्पांत तीच कलमं ऐकू येतात. संशयवादी काहीच मानत नाही, नकार हाच त्याचा धर्म. असं कुणाला जगता येत नाही, त्यामुळे त्याचा संशय एक तर दिखाऊ असतो, नाही तर रोगट. हे खूळ मुळात ग्रीकांचं, पुढे युरोपचं; आपल्या मातीत श्रद्धा रुजली आहे. अलीकडे त्यात आणखी एक कलम जोडलं जातं. पृथ्वी तापते आहे हे न मानणारा, मुलाला लस न टोचणारा आणि ज्योतिष न मानणारा हे सगळे एकाच माळेचे मणी आहेत. प्रत्येकाला संशय वेगळ्या गोष्टीचा, इतकंच. ही सगळी कलमं चूक आहेत, आणि ती एकाच ठिकाणी चुकतात. संशय आणि नकार या दोन गोष्टी ती एक समजतात. हा फरक पंडिती वाटेल, पण त्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात.

मराठी माणसाला ‘संशय’ म्हटलं की देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मधला फाल्गुनराव आठवतो. बायकोच्या हातात त्याला परक्या पुरुषाची तसबीर दिसते आणि त्याच क्षणी त्याच्या मनात खटल्याचा निकाल लागलेला असतो. त्यानंतर समोर येणारी प्रत्येक गोष्ट त्याला पुरावाच वाटते: ती बोलली तरी पुरावा, गप्प बसली तरी पुरावा. त्याच्यापाशी प्रश्न नाहीच, उत्तर आहे, आणि त्या उत्तराला पोषक ते गोळा करणं एवढंच त्याचं काम. नाटकातला कल्लोळ मिटतो तोही कुणी त्याला विश्वास ठेवायचा उपदेश केला म्हणून नव्हे. तसबीर कुठून आली आणि कुणाच्या हातात कशी पडली याचा उलगडा झाला म्हणून मिटतो. ज्याला आपण मराठीत संशयी म्हणतो, त्याला खरं तर संशय नसतो, पक्की खात्री असते. संशयवाद्याला फाल्गुनराव समजून झोडपणाऱ्यांनी ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी.

फाल्गुनरावाच्या आजाराचं नेमकं निदान एका वैद्यानं फार पूर्वी करून ठेवलं आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिणारा सेक्स्टस एम्पिरिकस हा वैद्यकी करणारा माणूस होता. त्याच्या नावातच अनुभवावर भिस्त ठेवणाऱ्या वैद्यांच्या पंथाची खूण आहे. प्राचीन संशयवादाबद्दल आपल्याला जे नीट ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं त्याच्या ग्रंथांमुळे. संशयवादाची रूपरेषा सांगणाऱ्या ग्रंथाच्या आरंभीच तो शोधायला निघालेल्या माणसांचे तीन गट पाडतो. काही म्हणतात, आम्हाला सत्य सापडलं. त्यांत तो अरिस्टॉटल, एपिक्युरस आणि स्टोइकांना बसवतो. काही म्हणतात, ते सापडणं शक्यच नाही. त्यांत कार्नेअडीस आणि अकादमीतले त्याचे अनुयायी. आणि काही अजून शोधत आहेत. हे तिसरे ते स्केप्टिक. ग्रीकमध्ये ‘स्केप्सिस’ म्हणजे निरखून पाहणं, तपास. ‘स्केप्टिकोस’ म्हणजे तपास करणारा.

यातल्या दुसऱ्या गटापाशी थांबायला हवं. ‘सापडणार नाही’ असं ठामपणे सांगणाऱ्याला सेक्स्टस आपल्या घरात घेत नाही. तो नकार देणारा आहे, म्हणजे त्यानंही तपास बंद केला आहे. होकार देऊन बंद करणाऱ्यापेक्षा तो वेगळा नाही. म्हणजे संशयवादी म्हणजे नकार देणारा, ही व्याख्या संशयवादाच्या सगळ्यात महत्त्वाच्या ग्रंथाच्या पहिल्याच पानावर फेटाळलेली आहे. कार्नेअडीसला नकार देणाऱ्यांत ढकलणं मला अन्यायाचं वाटतं, त्याच्याकडे पुढे येऊच. पण ते वर्गीकरण मात्र चोख आहे.

यावर मला कुणी सांगेल की व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही. मान्य. शब्द घरं बदलतात, जुन्या पत्त्यावर त्यांना धरून ठेवता येत नाही. म्हणूनच मी धातूवर विसंबणार नाही. हे नाव ज्यांनी स्वतःला लावून घेतलं, त्यांनी प्रत्यक्षात काय केलं ते पाहू.

परंपरा पिरोपासून सुरू होते. तो इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकातला, ग्रीसमधल्या एलिस गावचा. ‘संशयानं जगता येत नाही’ म्हणणारे नेहमी त्याच्याच गोष्टी सांगतात: समोरून येणारी गाडी, कडा, कुत्रे, कशाचीच तो दखल घेत नसे, आणि मित्र धावून जाऊन त्याला वाचवत. या गोष्टी डायोजिनीस लेअर्शियसच्या चरित्रग्रंथात आहेत, हे खरं. पण त्याच ठिकाणी, त्याच प्रकरणात, पिरोची परंपरा नव्यानं उभी करणाऱ्या एनेसिडेमसचं उलट म्हणणंही नोंदलेलं आहे: पिरो निर्णय राखून ठेवायचा तो तत्त्वज्ञानात; रोजच्या व्यवहारात तो बेफिकीर नव्हता. तो नव्वदीच्या घरात पोचेपर्यंत जगला. अर्धं प्रकरण वाचून पूर्ण माणसाला वेडा ठरवणं हा टीकाकारांचा जुना उद्योग आहे.

जगण्याच्या प्रश्नाला सेक्स्टसनंही सरळ उत्तर दिलं आहे. संशयवादी चार गोष्टींच्या आधारानं जगतो: निसर्गानं दिलेली इंद्रियं आणि बुद्धी, भूक-तहान यांसारख्या गरजा, समाजाचे रिवाज आणि कायदे, आणि शिकलेली कौशल्यं. मध गोड लागतो, हे तो नाकारत नाही. मध ‘मुळातच’ गोड आहे का, या दाव्यापुढे तो थांबतो. सेक्स्टस रोगी तपासत होता; एखादा रोग आपल्या पोथीत बसतो की नाही यावर अडून बसला असता, तर त्याला वैद्यकी करताच आली नसती.

इथे माझा आणि सेक्स्टसचा एक मतभेद मी लपवत नाही. दोन्ही बाजू तुल्यबळ दिसल्या की निर्णय राखून ठेवायचा, आणि त्यातून मनाला शांती मिळते, अशी त्याची धारणा होती. बापाला जेव्हा ठरवायचं असतं की मुलाला लस टोचायची की नाही, तेव्हा दोन्ही बाजू तुल्यबळ नसतात आणि मनःशांतीही पुरेशी नसते. आजचा संशयवादी निर्णय करतो. तो पिरोचा थेट वारस नाही. त्याचा पूर्वज सेक्स्टसनं ज्याला बाहेर काढलं तोच, कार्नेअडीस.

इसवी सनापूर्वी १५५ मध्ये अथेन्सचा दूत म्हणून तो रोमला गेला, आणि एके दिवशी न्यायाच्या बाजूनं व दुसऱ्या दिवशी न्यायाविरुद्ध बोलला, अशी हकीकत आहे. तरुण भारावले; म्हाताऱ्या केटोनं या तत्त्वज्ञांना लवकर वाटेला लावायचा आग्रह धरला. तरुण बिघडतील ही ओरड तेव्हाही होती. पण कार्नेअडीसचं खरं देणं आहे ते पारखण्याच्या पायऱ्यांचं, आणि त्याचं उदाहरण वाचून कोणताही मराठी वाचक चमकेल. ते दोरी आणि सापाचं आहे.

रज्जुसर्प आपण कीर्तनापासून ऐकत आलो. आपल्याकडे दिवा येतो, साप नाहीसा होतो आणि जग मिथ्या असल्याचं कळतं. कार्नेअडीसचं लक्ष मधल्या क्षणांवर आहे. माणूस अंधाऱ्या खोलीत शिरतो, वेटोळं दिसतं, तो आधी उडी मारून बाजूला होतो. धोका दिसल्यावर वाद घालत उभा राहत नाही. मग वळून पाहतो: वेटोळं हलत नाही, म्हणजे दोरी असेल. इथेच थांबला असता तर त्याला सोयीचं होतं. पण त्याला आठवतं की थंडीत सापही गारठून निश्चल पडतो. म्हणून तो काठी घेऊन वेटोळ्याला टोचतो, आणि मगच दोरी असल्याचं मानतो. आपल्याला हव्या असलेल्या उत्तराविरुद्धची शंका त्यानं स्वतःच काढली आणि ती स्वतःच तपासली. या गोष्टीत संशयवाद सगळा आला, आणि त्याच्या शेवटी काठी आहे, नकार नाही. भीतीपोटी ‘साप आहे’ म्हणून पळत सुटणारा आणि आळसापोटी ‘सापबिप काही नसतं’ म्हणून पाय टाकणारा, या दोघांनीही काठी उचललेली नाही.

आता परकेपणाचं कलम. पिरो अलेक्झांडरच्या सैन्याबरोबर भारतापर्यंत आला आणि इथल्या नग्न तपस्व्यांना भेटला, असं डायोजिनीस लिहितो. त्यावरून ग्रीक संशयवाद आपल्याकडून गेला अशी फुशारकी मारायची माझी तयारी नाही. तेवढा पुरावा नाही. पण तपासाची आपली स्वतःची परंपरा दाखवायला पिरोची गरजच काय? गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले, त्यात प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर लगेच तिसरा आहे संशय. वात्स्यायन त्यावर स्पष्ट करतो की अजिबात अज्ञात गोष्टीला आणि आधीच ठरलेल्या गोष्टीला न्याय लावत नाहीत; जिथे शंका आहे तिथेच तो चालतो. म्हणजे संशय हे विचाराचं दार आहे, आणि त्यावर कुलूप घालणाऱ्याला न्यायशास्त्रात प्रवेश नाही. कठोपनिषदात नचिकेता यमाकडे तिसरा वर मागतो तो मृत्यूनंतर माणूस उरतो की नाही या विचिकित्सेबद्दल, आणि तिथे शब्दही तोच आहे. यम म्हणतो, देवांनाही इथे शंका आली होती, दुसरं काही माग. धन देतो, दीर्घायुष्य देतो, राज्य देतो. पोरगं हटत नाही. उपनिषद त्याला शिक्षा करत नाही, त्याचा गौरव करतं. विचिकित्सा आणि आपली रोजची चिकित्सा एकाच कुळातल्या. दोघींच्या पोटात जाणण्याची इच्छा आहे. आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास जयराशी भट्टानं ‘तत्त्वोपप्लवसिंह’ लिहून सगळ्याच प्रमाणांवर हल्ला चढवला. त्याची पोथी १९२६ मध्ये पाटणच्या भांडारात सापडली आणि १९४० मध्ये बडोद्याहून छापली गेली. आपल्या मातीत संशय नव्हता असं नाही. आपण त्याची पोथी हरवली होती.

यावर हमखास गीतेतलं संशयात्म्याचं वचन तोंडावर मारलं जातं. चौथ्या अध्यायातलं ते वचन अज्ञानात आणि अश्रद्धेत गोठलेल्या, कुठेच न पोचणाऱ्या माणसाबद्दल आहे. पण पुढच्याच दोन श्लोकांत उपाय सांगितला आहे: अज्ञानातून आलेला संशय ज्ञानाच्या तलवारीनं छेदायचा. प्रश्न विचारू नको, असा तो उपाय नाही. सहाव्या अध्यायात अर्जुन आपली शंका उघड मांडतो आणि ती पूर्ण फेडायला सांगतो. शेवटी कृष्ण त्याला म्हणतो की या सगळ्याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. अठरा अध्याय शंकांना उत्तरं देणारा ग्रंथ शंका दडपायला वापरणं, हा त्या ग्रंथावरच अन्याय आहे.

सगळ्यात घातक आहे ते शेवटचं कलम, कारण त्यानं रोज माणसं मरतात. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनमधल्या वीस इस्पितळांतल्या रोग्यांची चौकशी करून धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. डॉलचा सुरुवातीचा कयास वेगळा होता. मोटारींच्या धुरामुळे किंवा रस्त्यांच्या डांबरामुळे हा रोग वाढत असावा, असं त्याला वाटे. आकडे उलट बोलू लागले तेव्हा त्यानं कयास सोडला, आणि अभ्यास पुरा व्हायच्या आत सिगारेटही सोडली. हा संशयवादी. दुसऱ्या बाजूला अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी १९५४ च्या जानेवारीत चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन सांगितलं की अजून काही सिद्ध झालेलं नाही, आम्ही संशोधन करू. १९६९ मधल्या एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात तर शंका हाच आमचा माल आहे, अशी स्पष्ट कबुली आहे. या लोकांना शंका नव्हती. आपल्याला काय विकायचं आहे ते त्यांना नीट ठाऊक होतं. फाल्गुनरावानं निदान स्वतःला फसवलं. यांनी जगाला फसवलं.

लशीचंही तेच. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्डनं ‘लॅन्सेट’मध्ये बारा मुलांवरचा निबंध छापून गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवला. वैद्यकानं तो हसण्यावारी नेला नाही. डेन्मार्कमध्ये ५,३७,३०३ मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २००२ मध्ये निष्कर्ष आला की लस घेतलेल्या मुलांत ऑटिझम जास्त नाही. ‘लॅन्सेट’नं २०१० मध्ये वेकफील्डचा निबंध मागे घेतला. शंका आली, काठी उचलली गेली, दोरी निघाली. त्यानंतरही ‘आम्हाला फक्त प्रश्न पडतात’ म्हणणाऱ्यांना प्रश्न पडत नाहीत. मिळालेलं उत्तर त्यांना नको आहे.

मग हवामानाचे ‘संशयवादी’? त्यांच्यात एक खरा होता. बर्कलेचा भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर याला तापमानाच्या जुन्या नोंदींबद्दल प्रामाणिक शंका होत्या: शहरांच्या उष्णतेचा परिणाम, वाईट ठिकाणी बसवलेली केंद्रं, आकड्यांची निवड. त्यानं स्वतंत्र गट जमवला आणि सगळे आकडे नव्यानं तपासले. या कामाला पैसा देणाऱ्यांत चार्ल्स कोच यांचं प्रतिष्ठानही होतं, ज्यांचा व्यवसाय खनिज इंधनाचा. २०१२ मध्ये म्युलरनं जाहीर केलं की अडीचशे वर्षांत जमिनीवरचं तापमान सुमारे दीड अंश सेल्सिअसनं वाढलं आहे आणि त्याला जवळजवळ सर्वस्वी माणूस जबाबदार आहे. त्याच्या निष्कर्षाकडे आशेनं पाहणाऱ्या काहींनी तो येताच पाठ फिरवली. त्या क्षणी कोण संशयवादी होता आणि कोण नाकारणारा, हे उघडं पडलं. तरीही आपली वर्तमानपत्रं दोघांना एकच शब्द लावतात. नाकारणाऱ्याला ‘हवामान-संशयवादी’ लिहिणं म्हणजे त्यानं न केलेल्या कष्टांचं श्रेय त्याला देणं.

हा नियम मी माझ्या बाजूलाही लावतो. अमेरिकेत १९७६ मध्ये चमत्कारांच्या दाव्यांची चौकशी करायला पॉल कर्ट्झ आणि समाजशास्त्रज्ञ मार्सेलो ट्रुझी यांनी समिती काढली. ट्रुझी लवकरच बाहेर पडला. दावे करणाऱ्यांना आपली बाजू मांडायला समिती पुरेशी जागा देत नाही, हा त्याचा आक्षेप होता. ‘हा दावा खोटा आहे’ असं म्हणणाराही दावाच करतो आणि पुरावा देण्याची जबाबदारी त्याच्यावरही येते, हे त्यानं पुढे आग्रहानं मांडलं. तो बरोबर होता. पत्रिका न पाहता, चाचणी न घेता ज्योतिषावर हसणारा पुरोगामी माणूस माझा मित्र असेल, पण त्या हसण्यापुरता तो संशयवादी नाही.

संशयवादी कसा असतो, ते पुण्यात दिसलं. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या शंभर मुलांच्या, अशा २०० पत्रिका एकत्र केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० द्यायच्या आणि कोणती कुणाची ते त्यानं सांगायचं. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरं पाठवली. ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून पन्नासच्या आसपास आली असती. २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हे सगळं छापून आलं, कुणालाही तपासता यावं म्हणून. यातल्या दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या. ज्योतिषांना बोलावून, त्यांना पत्रिका देऊन, उत्तराची वाट पाहणाऱ्या माणसाला ‘काहीच न मानणारा’ म्हणताना आपली जीभ कशी रेटते?

याच नारळीकरांनी फ्रेड हॉईल यांच्याबरोबर महास्फोटाच्या सिद्धान्ताला आयुष्यभर आव्हान दिलं. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ते पटलं नाही. पण त्यांनी गणितं मांडली, निरीक्षणांशी ताडून पाहिली, शोधपत्रिकांत छापली आणि समीक्षकांना उत्तरं दिली. बहुमताविरुद्ध उभा राहतो तो नाकारणारा, ही समजूतही त्यांच्याकडे पाहिलं की टिकत नाही.

पुण्याच्या त्या निष्कर्षावर आजही आक्षेप घेतले जातात: पत्रिकांच्या जन्मवेळा अचूक नसतील, चांगले ज्योतिषी आलेच नाहीत, प्रश्नच चुकीचा विचारला. हे आक्षेप मी फेटाळत नाही. ते तपासण्याजोगे आहेत. मग पुन्हा घ्या चाचणी. प्रश्न तुम्ही ठरवा, ज्योतिषी तुमच्या पसंतीचे आणा, जन्मवेळा इस्पितळाच्या नोंदीवरून घेऊ. किती उत्तरं बरोबर आली म्हणजे यश मानायचं, ते दोघांनी मिळून आधी कागदावर लिहून सही करू. पत्रिका तिसऱ्याच माणसानं वाटाव्यात, आणि निकाल काहीही लागला तरी पूर्ण छापावा. तुमचे ज्योतिषी त्या आकड्याला पोचले, आणि दुसऱ्यांदा, दुसऱ्या गावी, दुसऱ्या पत्रिकांवरही पोचले, तर मी माझं मत बदलीन आणि माझ्या नावानिशी लिहीन. ते पोचले नाहीत तर तुम्ही काय लिहाल, तेही त्याच कागदावर आधीच लिहून द्या.